चेनसॉला नवीन ब्लॉक-पिस्टन टाकताय? गॅप मोजल्याशिवाय बंद करू नका

चेनसॉचं इंजिन खोललं, ब्लॉक-पिस्टनचं किट आणलं, बसवलं, दोरी ओढली, चालू झालं, झालं काम, असं बरेच जण करतात आणि कधीकधी ते चालूनही जातं. पण ब्लॉक एका कारखान्यातला, क्रँक दुसऱ्यातला, मधलं पॅकिंग तिसऱ्या कुणाचं, आणि हे सगळं एकत्र आल्यावर पिस्टन वर जाऊन हेडच्या किती जवळ थांबतो ते कुठल्याच खोक्यावर छापलेलं नसतं. ते आपणच मोजायचं. मोजायला लागतं काय, तर वीतभर सोल्डरची तार आणि एक बऱ्यापैकी व्हर्नियर.

हे लिहितोय ते ज्यांनी आजवर फार तर प्लग बदललाय, चेनला धार लावलीये, कार्बुरेटरचे स्क्रू थोडे इकडेतिकडे केलेत अशांसाठी. कोकणात २०२० चं निसर्ग आणि २०२१ चं तौक्ते येऊन गेल्यावर पडलेले माड-पोफळी-आंबे कापायला गावोगाव चेनसॉ घेतले गेले, ती मशीन्स आता जुनी झालीत आणि एकेक करून कॉम्प्रेशन सोडायला लागलीत, त्यामुळे "किट टाकू का" हा प्रश्न सारखा येतो. टाका, पण मोजून.

तीन गॅप असतात, आधी त्या वेगळ्या करून घ्या

"पिस्टन आणि सिलेंडरमधली गॅप" असं म्हणून लोक तीन वेगवेगळ्या गोष्टी बोलतात आणि तिथेच घोळ होतो.

पहिली पिस्टनच्या बाजूची. म्हणजे पिस्टनचा खालचा घेर, ज्याला स्कर्ट म्हणतात, तो आणि सिलेंडरची भिंत यांच्यामधली जागा. ही काही शतांश मिलीमीटरमध्ये असते आणि चेनसॉमध्ये ती आपल्या हातात जवळपास नसतेच. कारण चांगल्या चेनसॉचा सिलेंडर ॲल्युमिनियमचा असतो आणि आतून निकेल-सिलिकॉन कार्बाइडचा नाहीतर क्रोमचा कडक मुलामा असतो, मोटरसायकलच्या जुन्या बिडाच्या ब्लॉकसारखं बोअरिंगवाल्याकडे नेऊन पाव मिलीमीटर कापून ओव्हरसाइज पिस्टन टाकला असं इथे चालत नाही, मुलामा गेला की ब्लॉक गेला. काही कंपन्या सिलेंडरवर आणि पिस्टनच्या डोक्यावर ए, बी असं अक्षर टाकतात, ते जुळवून घ्यायचं, बस. तपासायची असेल तर रिंगा काढून पिस्टन ब्लॉकमध्ये घाला आणि स्कर्टच्या खालच्या बाजूला, गजन पिनच्या (पिस्टन आणि रॉड जोडणारी आडवी पिन) काटकोनात, फिलर गेज (ठरलेल्या जाडीच्या पातळ पत्र्यांचा जुडगा) घालून बघा. वरच्या बाजूला किंवा पिनच्या रेषेत घालू नका, पिस्टन मुद्दाम तिथे किंचित बारीक घडवलेला असतो कारण डोकं जास्त तापतं आणि जास्त फुगतं, तिथे गॅप जास्तच दिसणार आणि तुम्ही उगाच घाबरणार. मर्यादा तुमच्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमधली धरा.

दुसरी रिंगच्या तोंडाची. रिंग एकटी ब्लॉकमध्ये घालायची, पिस्टनच्या डोक्याने ढकलून सरळ करायची म्हणजे तिरकी बसत नाही, आणि तिच्या दोन टोकांमध्ये फिलर घालायचा. टोकं एकमेकांना टेकत असतील तर रिंग गरम झाल्यावर फुगायला जागाच नाही, ती ब्लॉक खरवडणार. चाळीस-पन्नास मिलीमीटरच्या बोअरला निदान ०.१५-०.२० तरी हवी. एक मिलीमीटरच्या घरात गेली असेल तर ती रिंग संपली, फेकून द्या. मोजताना रिंग पोर्टच्या, म्हणजे भिंतीतल्या मिश्रण-धूर जाण्यायेण्याच्या, भोकावर आणू नका, पोर्टच्या वर किंवा खाली, जिथे भिंत अखंड आहे तिथे.

तिसरी, आणि आजचा खरा विषय, स्क्विश. पिस्टन अगदी वर गेला की त्याच्या डोक्याची कड आणि हेडची कड यांच्यात जी फट उरते ती. चेनसॉला हेड वेगळं नसतं, ब्लॉक आणि हेड एकच, म्हणून ही फट कमी-जास्त करायची जागा एकच आणि ती म्हणजे ब्लॉकच्या बुडातलं पॅकिंग.

स्क्विश किती आणि का

पिस्टन वर येताना कडेचं पेट्रोल-हवेचं मिश्रण या फटीतून दाबून मधोमध, प्लगच्या दिशेने फेकलं जातं, तिथे खळबळ होते आणि जळणं पटकन पुरं होतं. फट जास्त मोठी असेल तर हे फेकणं होत नाही, कडेला मिश्रण अर्धवट पडून राहतं, मशीन मऊ वाटतं, लाकडात घातलं की दम टाकतं, आणि वर ते कडेचं मिश्रण आपणहून पेटायची भीती असते ती वेगळीच. फट फार कमी असेल तर पिस्टन हेडला आपटणार.

माझं मत विचाराल तर नवशिक्याने ०.६ ते ०.७ मिलीमीटर धरून बांधावं. ०.५ पर्यंत, लेथवाल्यांच्या भाषेत वीस थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग), अनुभवी लोक नेतात. त्याच्या खाली जायचं काही कारण नाही. ०.८-०.९ असेल तरी मशीन छान चालतं, बऱ्याच मशीनला कारखान्यातूनच तेवढी येते, तिथे काही करायला जाऊ नका. एकच्या वर गेली की मात्र बघायला हवं.

हाताने फिरवताना अर्धा मिलीमीटर भरपूर वाटतो. पण साडेतेरा हजार आरपीएमला पिस्टन सेकंदाला सव्वादोनशे वेळा वर येऊन थांबतो आणि परत फिरतो, त्या झटक्याने कनेक्टिंग रॉड किंचित ताणला जातो, बेअरिंगांमधला जो काय ढिलेपणा असेल तो सगळा वरच्या दिशेने जातो, पिस्टन तापून वाढतो, आणि महिन्याभराने डोक्यावर कार्बनचा थर बसतो तो आणखी जागा खातो. ०.५ त्यासाठी असतात.

आधी बघा तुमचं मशीन कुठल्या जातीचं

दोन प्रकार आहेत. एकात ब्लॉक वेगळा, खाली क्रँककेस वेगळी, चार स्क्रू, मध्ये पॅकिंग. हस्कवर्ना ३७२ एक्सपी, स्टिलची एमएस ३८१ वगैरे मोठी मशीन्स आणि बाजारात ५८ सीसी म्हणून मिळणारी चायनीज मशीन्स यात येतात. यांच्यात पॅकिंग बदलून स्क्विश लावता येते.

दुसऱ्यात ब्लॉकचाच खालचा भाग क्रँकच्या बेअरिंगांना वरून मिठी मारतो आणि खालून एक झाकण येतं, मध्ये कागदी पॅकिंग नसतं, फक्त सीलंट. स्टिल एमएस १८०, एमएस २५० ही अशी. इथे स्क्विश ब्लॉकमध्येच ठरलेली असते, तुम्ही ती लावू शकत नाही. मोजू मात्र शकता, आणि मोजायचीच, कारण बाहेरचं किट असेल आणि ०.३ निघाली तर ते किट दुकानदाराला परत करायचं एवढाच उपाय आहे, आणि तो सीलंट लावायच्या आधीच करता येतो.

जुना पिस्टन फेकू नका, वाचा

किट टाकायच्या आधी जुना का गेला ते कळलं पाहिजे, नाहीतर नवीनही तसाच जाणार. पिस्टनवर फक्त सायलेन्सरच्या बाजूला उभे ओरखडे असतील तर मिश्रण पातळ पडत होतं (पेट्रोल कमी, हवा जास्त) किंवा पेट्रोलमध्ये ऑइल नव्हतं. कार्बुरेटरच्या बाजूला घासला असेल, मॅट राखाडी दिसत असेल तर एअर फिल्टरमधून धूळ आत जात होती. पिस्टनच्या घेरावर चार ठिकाणी पट्टे असतील तर गरम होऊन फुगून पकडलाय, थंड हवेची वाट बुजली असेल किंवा बाजूची गॅपच कमी असेल. भुसा भरून पंख आणि ब्लॉकच्या पट्ट्या बुजलेली मशीन्स तर नेहमीचीच, ब्रश मारायला कुणाला वेळ नसतो.

मिश्रण पातळ का पडलं याचंही कारण शोधा. क्रँकचं ऑइल सील कडक होऊन हवा ओढतंय, इनटेकची रबरी नळी चिरलीये, बुडाचं पॅकिंग सुटलंय, यातलं काहीतरी असतं. आणि गावाकडचं ठरलेलं कारण म्हणजे "लिटरला एक झाकण ऑइल". कुठलं झाकण ते मात्र कुणी सांगत नाही. चांगलं टू-स्ट्रोक ऑइल असेल आणि कंपनीने ५०:१ सांगितलं असेल तर लिटरला २० मिली, २५:१ सांगितलं असेल तर ४० मिली, औषधाच्या मापाने मोजून टाका.

क्रँकही तपासा. पिस्टन काढल्यावर कनेक्टिंग रॉड सरळ वर-खाली ओढून बघा. बाजूला हललेला चालतो, वर-खाली टकटक लागली तर बिग एंड, म्हणजे रॉडचं क्रँककडचं बेअरिंग, गेलाय. अशा क्रँकवर स्क्विश मोजण्यात अर्थ नाही, आधी क्रँक.

सामान

सोल्डरची तार, जस्ताची-लोखंडाची नव्हे, मऊ, रेडिओ-टीव्ही रिपेअरवाले वापरतात ती, साधारण सव्वा ते दीड मिलीमीटर जाडीची. मोबाइलवाल्यांकडची अर्धा मिलीमीटरची केसासारखी तार इथे कामाची नाही, ती दाबलीच जात नाही आणि तुम्हाला वाटतं सगळं ठीक आहे. फार जाडही नको, ती दाबताना रॉडवर जोर येतो आणि आकडा खोटा येतो. डिजिटल व्हर्नियर चालेल, मायक्रोमीटर असेल तर उत्तम. फिलर गेजचा सेट. एलन की किंवा टॉर्क्स, जे स्क्रू असतील ते. थोडं ग्रीस, स्वच्छ सुती चिंधी, नवीन सर्क्लिपा (गजन पिन जागेवर धरणाऱ्या तारेच्या कड्या). सर्क्लिपा नवीनच, जुन्या पुन्हा वापरल्या आणि एक उडाली तर आख्खा ब्लॉक जातो, पाच-दहा रुपयांसाठी हा जुगार कशाला.

सफाई

क्रँककेसच्या तोंडात चिंधी कोंबा, घट्ट, म्हणजे काही आत पडणार नाही. मग बुडाच्या सपाट जागेवरचं जुनं पॅकिंग काढा. इथे घाई करू नका.

एका बागायतदाराचं ५८ सीसीचं मशीन आलं होतं, बाहेर कुठेतरी नवीन किट टाकून घेतलेलं, तक्रार अशी की मोकळं छान फिरतं, पोफळीच्या खोडात घातलं की बसतं. स्क्विश निघाली १.३ च्या वर. ब्लॉक उचलला तर नवीन पॅकिंग जागेवर होतं, स्वच्छ, आणि त्याच्याखाली क्रँककेसला चिकटून एक काळपट पापुद्रा, पहिल्या नजरेला धातूच वाटावा असा. नख लावल्यावर त्याची कड उचलली गेली. जुनं पॅकिंग तसंच ठेवून त्याच्यावर नवीन बसवलं होतं. ते खरवडल्यावर मशीन सरळ झालं, एक पैशाचा पार्ट लागला नाही.

खरवडायला प्लास्टिकची पट्टी किंवा बोथट ब्लेड वापरा, स्क्रूड्रायव्हर नको, ॲल्युमिनियमवर चर पडली की तिथूनच हवा ओढली जाते. शेवटी थिनर लावून पुसा.

नवीन ब्लॉक असेल तर पोर्टच्या कडांवरून बोट फिरवा. स्वस्त किटमध्ये कडा ब्लेडसारख्या असतात, त्यावर रिंग अडकते आणि तुटते. बारीक एमरी पेपर बोटाला गुंडाळून कड नुसती मोडायची, भिंतीला लागू द्यायचं नाही, नंतर साबणाच्या पाण्याने धुऊन, वाळवून, ऑइलचा हात फिरवायचा. जुनाच ब्लॉक ठेवणार असाल आणि भिंतीला पिस्टनचं ॲल्युमिनियम चिकटलं असेल तर ते बऱ्याचदा मुलाम्याच्या वर बसलेलं असतं, कापसाच्या काडीने ॲसिड लावून फेस येऊन ते निघतं. पण हातमोजे, चष्मा, उघड्यावर, आणि ॲसिड पोर्टच्या उघड्या ॲल्युमिनियमला लागू न देता. मुलामा उडाला असेल तर हे करू नका, ॲसिड खालचा ब्लॉकच खाणार.

आता मोजणी

पहिल्यांदा पिस्टन रिंगांशिवाय बसवा. रिंगा नसल्या की ब्लॉक हाताने आरामात खाली जातो आणि वर येतो, पाच वेळा काढघाल करायची असते त्यामुळे फार बरं पडतं. पिस्टनवरचा बाण सायलेन्सरच्या दिशेला. गजन पिन सरकवा, मोजण्यापुरत्या जुन्या सर्क्लिपा लावा, चिंधी काढा.

जे पॅकिंग शेवटी वापरायचंय तेच घाला, किंवा पहिल्या मोजणीला पॅकिंगशिवायच बघा, मी पॅकिंगशिवायच सुरू करतो कारण मग आकडेमोड सोपी होते.

तारेचे साधारण दहा मिलीमीटरचे दोन तुकडे कापा. पिस्टनच्या डोक्यावर, गजन पिनच्या बरोबर वर, डावीकडे एक आणि उजवीकडे एक, असे की तुकड्याचं बाहेरचं टोक पिस्टनच्या कडेपर्यंत पोचेल पण बाहेर डोकावणार नाही. ग्रीसचा ठिपका देऊन चिकटवा. पिनच्या रेषेतच का, तर पिस्टन पिनवर पुढे-मागे डुलतो, पुढे किंवा मागे एकच तुकडा ठेवलात तर पिस्टन त्या बाजूला झुकतो आणि फट आहे त्यापेक्षा जास्त दाखवतो. पिनच्या दोन टोकांवर डुलायला जागा नाही. आणि दोन्ही बाजूंना एकदमच ठेवायचे, एका बाजूला ठेवून मोजलं, मग दुसऱ्या, असं नको.

काही जण प्लगच्या भोकातून तार घालून मोजतात. प्लग सरळ वर असेल तर जमतं, पण बऱ्याच चेनसॉचा प्लग तिरका असतो, तार एकाच बाजूला पोचते आणि ती भिंतीला टेकली की नाही ते दिसत नाही. ब्लॉक एरवीही उघडाच आहे, तर डोक्यावर चिकटवूनच करा.

ब्लॉक खाली सोडा, चारही स्क्रू समोरासमोरचे असे आलटून पालटून आवळा, नुसते टेकवून नाही, नीट आवळा. प्लग काढलेलाच असू द्या. मॅग्नेटचा पंखा हाताने धरून हळू फिरवा. वर जाताजाता जड लागेल, सोल्डर दबतंय, मग एकदम सैल सुटेल, म्हणजे टीडीसी, पिस्टनची सर्वात वरची जागा, ओलांडली. एकदाच ओलांडायची, मागेपुढे हलवत बसू नका. सोल्डर दबायच्या आधीच काहीतरी कडक टेकल्यासारखं वाटलं तर जोर लावू नका, पिस्टन हेडला लागतोय, ब्लॉक काढून पॅकिंग घालून परत.

स्क्रू सोडा, ब्लॉक उचला, तुकडे काढा. दबलेलं टोक चकचकीत, चपटं, चमच्याच्या कडेसारखं निमुळतं दिसेल आणि आतला भाग गोलच राहिलेला असेल. मोजायचं ते अगदी बाहेरचं, सर्वात पातळ टोक. व्हर्नियरच्या जबड्याचं टोक वापरा आणि दाबू नका, सोल्डर मऊ आहे, दाबलंत तर पाच शतांश सहज कमी येतात. तुकडा कुठेच चपटा झाला नसेल तर फट तारेपेक्षा मोठी आहे, जाड तार घ्या.

मग हीच गोष्ट पुढे-मागे, सायलेन्सरच्या आणि कार्बुरेटरच्या बाजूला, पुन्हा दोन तुकडे एकदम. चार आकडे मिळतील. यातला सर्वात लहान तोच आपला आकडा, सरासरी काढू नका, पिस्टन सरासरीला आपटत नाही. डाव्या-उजव्यात ०.१ पेक्षा जास्त फरक असेल तर बुडाखाली कचरा आहे, पॅकिंगचा तुकडा राहिलाय, नाहीतर रॉड वाकलाय. ते सोडवल्याशिवाय पुढे जाऊ नका.

पॅकिंगचा हिशेब

हा भाग सोपा आहे. ब्लॉक जेवढा वर उचलाल तेवढीच स्क्विश वाढते, एकास एक. समजा पॅकिंगशिवाय आकडे आले ०.३८, ०.४०, ०.४३, ०.४१. लहानात लहान ०.३८. आपल्याला हवेत ०.६५ च्या आसपास. म्हणजे दबल्यावर ०.२५-०.२७ जाडीचं पॅकिंग हवं. कागदी पॅकिंग आवळल्यावर थोडं दबतं, म्हणून दुकानात मोजलेली जाडी धरून शेवट करू नका, त्या पॅकिंगसकट पुन्हा एकदा सोल्डर टाकून बघा. ही दुसरी मोजणी लोक हमखास टाळतात.

हव्या जाडीचं तयार मिळालं नाही तर हार्डवेअरवाल्याकडे ऑइल-पेट्रोलला चालणारी जॉइंटिंग शीट वेगवेगळ्या जाडीत मिळते, ब्लॉकच्या बुडाला ग्रीस लावून छाप घ्या आणि ब्लेडने कापा. ट्रान्सफरच्या, म्हणजे क्रँककेसमधून मिश्रण वर नेणाऱ्या, वाटा जिथे बुडापर्यंत येतात तिथे पॅकिंगची कड आत डोकावायला नको. थोडंसंच वाढवायचं असेल तर कोल्ड्रिंकच्या कॅनचा पत्रा साधारण ०.१ मिलीमीटरचा असतो, तो कापून वापरणारे आहेत, चालतं, फक्त दोन्ही बाजूंना सीलंटचा अगदी पातळ हात हवा.

उलट परिस्थिती, म्हणजे पॅकिंगसकट १.१ आली, पॅकिंग ०.५ चं आहे, तर ते काढून नुसत्या सीलंटवर बसवलं की ०.६ येईल. आकडा सुंदर आहे आणि मोह होतो. फायदाही आहे, ३७२ एक्सपीसारख्या ५० मिलीमीटरच्या बोअरमध्ये अर्धा मिलीमीटर म्हणजे जवळजवळ एक सीसी जागा कमी होते, आणि वर उरणारी एकूण जागाच काही सीसीची असते, तर कॉम्प्रेशन चांगलंच चढतं. पण ब्लॉक खाली आला की सगळे पोर्टही खाली येतात. एक्झॉस्ट आणि ट्रान्सफर उशिरा उघडतात, लवकर बंद होतात, अर्ध्या मिलीमीटरला प्रत्येक टोकाला साधारण दीड-दोन डिग्री. जिथे इनटेक पिस्टनच्या स्कर्टने उघडतो तिथे तो उलट लवकर उघडून उशिरा बंद होतो. मशीन खालच्या आरपीएमला जोरदार आणि वर थोडं आळशी होतं. जाड लाकूड कापणाऱ्याला हे आवडेलही.

एक तपासणी मात्र सोडू नका. पॅकिंगशिवाय बसवून पिस्टन टीडीसीला आणा आणि एक्झॉस्टच्या भोकातून टॉर्च मारून बघा. पिस्टनच्या स्कर्टच्या खाली फट दिसली, म्हणजे तिथून थेट क्रँककेस दिसली, तर ताजं मिश्रण सरळ सायलेन्सरमधून निघून जाणार. असं होत असेल तर पॅकिंग परत घाला, १.१ सोबतच सुखी राहा. इनटेकची रबरी नळी आणि सायलेन्सरचे स्क्रूही ब्लॉक खाली आल्यावर जागेवर येतायत ना ते पाहा.

सीलंट कुठलं हा प्रश्न येणारच. ट्यूबवर पेट्रोलला टिकतं असं लिहिलेलं असलं पाहिजे, साधं बाथरूमचं सिलिकॉन पेट्रोलने फुगतं आणि सुटतं. आणि कमी लावा. बाहेर आलेलं बोटाने पुसता येतं, आत आलेलं बेअरिंगात जातं.

ब्लॉकचं बूड लेथवर छाटणं, पिस्टनचं डोकं घडवणं असले उद्योग पहिल्या मशीनवर करू नका.

शेवटचं बांधकाम

आकडा पसंत पडला की सगळं पुन्हा खोला, सोल्डरचा एकही कण आत राहिलेला नाही हे बघा, पिस्टनचं डोकं पुसा. चिंधी परत तोंडात. नवीन सर्क्लिपा लावताना त्यांचं तोंड वर किंवा खाली ठेवा, बाजूला नको. बसल्यावर पिन हलवून सर्क्लिप खाचेत पूर्ण गेलीये का ते नखाने चाचपा. रिंगा घाला, खाचेत एक बारीक खिळी असते, रिंगची दोन टोकं त्या खिळीच्या दोन बाजूंना आली पाहिजेत. खिळीवर चढलेली रिंग ढकललीत तर तुटतेच.

पिस्टन, रिंगा, भिंत, पिनचं बेअरिंग सगळ्याला टू-स्ट्रोक ऑइल. पिस्टनखाली लाकडाची खाच पाडलेली पट्टी ठेवा, रिंगा बोटांनी किंवा पत्र्याच्या पट्टीने दाबा आणि ब्लॉक सरळ खाली सोडा. अडकला तर गोल फिरवू नका, फिरवताना रिंगचं टोक पोर्टमध्ये जातं. वर घ्या, रिंग बघा, परत. चार स्क्रू आलटून पालटून, दोन-तीन टप्प्यांत, मॅन्युअलमधल्या टॉर्कला. छोटे स्क्रू ॲल्युमिनियममध्ये जातायत, "अजून थोडं" म्हणत आवळून आटे काढणारे खूप आहेत.

जमलं तर प्रेशर आणि व्हॅक्यूम दोन्ही तपासा, एक्झॉस्ट आणि इनटेक रबराने बंद करून साधारण अर्धा बार. नुसतं प्रेशर पुरत नाही, जुनं सील बाहेर ढकललं की धरतं आणि आत ओढलं की सोडतं. पंप नसेल तर निदान इनटेकची नळी आणि दोन्ही सील नवीन टाका, किटच्या किमतीपुढे ती काहीच नाहीत.

कॉम्प्रेशन गेज असेल तर थ्रॉटल पूर्ण उघडून, काटा चढायचा थांबेपर्यंत दोरी ओढा. १२० ते १६० पीएसआयमध्ये आलं तर छान, नवीन रिंगांना पहिल्या दिवशी थोडं कमी दाखवेल, पुढे चढतं. शंभरच्या खाली असेल तर काहीतरी राहिलंय.

पहिली टाकी भरताना ऑइलचं माप बरोबर, हाय स्पीडचा स्क्रू थोडा उघडा म्हणजे मिश्रण जाड बाजूला. पंपावर आता इ-२० मिळतं आणि इथेनॉलमुळे मिश्रण आपोआप थोडं पातळ पडतं, जुन्या सेटिंगवर नवीन पिस्टन चालवायला नको. मोकळं फुल थ्रॉटल धरून मशीन रडवू नका, बारीक फांद्या कापा, मध्ये मध्ये आयडलवर सोडा. आणि पहिली टाकी संपून मशीन पूर्ण थंड झालं की ब्लॉकचे चारही स्क्रू परत एकदा तपासा, पॅकिंग बसतं तसे ते थोडे सैल होतात. सायलेन्सर काढायला लागला तरी काढा आणि तेवढ्यात एक्झॉस्टमधून पिस्टनची भिंत बघून घ्या, कारखान्यातल्या बारीक आडव्या रेषा तशाच दिसल्या आणि उभा ओरखडा नसला की मग मशीन मालकाच्या ताब्यात द्यायला हरकत नाही.